टेबलावरचा स्वयंपाक

नागपूरच्या कॉलन्यांमधल्या पाककला स्पर्धांत पाटवडी-रस्सा क्वचितच दिसतो. पाहुणा मुक्कामाला आला की ज्या शहरात हाच बेत ठरतो, ज्यावरून सासुरवाडीची परीक्षा होते, तो पदार्थ त्याच शहराच्या स्पर्धेत मांडायला कुणी धजावत नाही. याचे कारण टेबलापाशी उभे राहिले की कळते.

स्पर्धा अकराची असते. पदार्थ घरून करून आणायचा आणि साडेदहापर्यंत नेमून दिलेल्या जागी सजवून ठेवायचा. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि त्यांचे ‘दोन शब्द’. परीक्षक पहिल्या ताटापाशी पोचतात तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. तोवर रस्सा निवतो, वर आलेली तर्री कडेला जाते. पाटवडी म्हणजे बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवून, ताटात थापून, वर खोबरे-खसखस पेरून कापलेली वडी. ती वाढतानाच रश्श्यात सोडायची असते. आधी सोडली तर रस्सा पिऊन फुगते आणि चमचा लावताच मोडते. गोळाभाताचेही तेच. भरड डाळीचे मसालेदार गोळे भाताच्या वाफेवर शिजतात, पण त्याची खरी चव पानात गोळा फोडून वर लसूण-मिरचीचे कडकडीत फोडणीचे तेल ओतण्यात आहे. तासाभरापूर्वी ओतलेले तेल भात निमूट पिऊन टाकतो. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाली की घरोघरी होणारी सांबारवडी तळणीतून काढल्यावर पंधरा मिनिटे राणी असते. नंतर तिचे आवरण मऊ पडते. आणि उपड्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर भाजायची लांब रोटी तर सभागृहात आणणार कशी?

मग टेबलावर येतात वड्या, बर्फ्या, रोल, कटलेट, केक. थंड झाल्यावर बिघडत नाहीत, चमचाभर घेतला तरी आकार मोडत नाही, आणि गाजराचे फूल ठेवायला वर सपाट जागा मिळते. गेली काही दशके नागपूरच्या हौशी स्वयंपाकाला जे वळण लागले, त्यात या दीड तासाचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. नियमावलीत तो कुठे लिहिलेला नसतो, पण सगळ्या स्पर्धक त्याच्याच हिशेबाने पदार्थ निवडतात.

लिहिलेले नियम साधे असतात. प्रवेश फी नाममात्र. पदार्थ शाकाहारी, बहुतेक ठिकाणी. साओजी मटणाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या, महाल-इतवारीच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या चुलीवर वाढलेल्या या शहराच्या स्पर्धेत साओजी मसाला येतो तो फार तर पनीरवर. विषय ठरवून दिलेला असतो: तांदळाचे पदार्थ, उपवासाचे पदार्थ, पालेभाज्या, पंधरा ऑगस्टला तिरंगी, मुलांसाठी विस्तवाशिवाय. गुण चार रकान्यांत विभागलेले. चव, मांडणी, पौष्टिकता, नावीन्य. परीक्षक दोन, त्यांतली एक बहुधा गृहविज्ञान शिकवणारी किंवा शिकवून निवृत्त झालेली. बक्षिसे तीन आणि उत्तेजनार्थ कितीही, कारण उद्या सगळ्यांना एकाच जिन्यावर भेटायचे असते. आयोजक कधी महिला मंडळ, कधी गणेश मंडळ, कधी ‘लोकमत’च्या सखी मंचासारखे वृत्तपत्राचे व्यासपीठ. प्रायोजक मसालेवाला किंवा कुकरवाला. कुकर पहिल्या क्रमांकाला मिळतो, म्हणजे जिच्या घरी आधीच तीन आहेत तिला.

या सगळ्यात ‘नावीन्य’ नावाचा रकाना कुठून आला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो दूरदर्शनच्या वाहिन्यांनी आणला असे म्हणायची पद्धत आहे. पण विदर्भात त्याचे मूळ जुने असावे. भाद्रपदी पौर्णिमेला इथे भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिला निरोप मिळतो. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापत. ही खिरापत झाकलेल्या डब्यात असते आणि ती ओळखावी लागते. गोड की तिखट, कुरकुरीत की मऊ, असे विचारत जायचे, डबा हलवून आवाज ऐकायचा. सगळ्यांनी हात टेकले की जिच्या घरची खिरापत ती जिंकली. म्हणजे आईने काय केले यापेक्षा कुणाला सुचणार नाही असे काय केले, हा मान. रोजचे फुटाणे, खोबरे-साखर दोन दिवसांत ओळखीचे होतात. मग आया डोके चालवू लागतात. वाजू नये म्हणून डब्यात कापड घालणे, गोडाला तिखटाचा वास लागावा म्हणून शेजारी लोणचे ठेवणे, असले डावपेच त्या वयापासून अंगात मुरतात. तिथे परीक्षक नव्हता, गुण नव्हते, आणि हरलेल्यांनाही खायला मिळत होते. आजच्या स्पर्धेत बघ्यांना वास तेवढा मिळतो. ताटे क्लिंग फिल्मखाली असतात.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. पदार्थाशेजारी साहित्य आणि कृती लिहून ठेवावी लागते. जिने चाळीस वर्षे मुठीने मीठ आणि डोळ्यांनी तेल घातले तिला ‘अंदाजे’ लिहायची परवानगी नसते. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि त्यांनी सगळी मापे घरातल्या वाटीवर आणि चमच्यावर आणून ठेवली, तेव्हा मराठी स्वयंपाकघरात मोजण्याची लाज गेली. त्याआधी, १९१० मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहून काढल्याच होत्या. पण स्पर्धेची चिठ्ठी पुस्तकापेक्षा वेगळी असते. ती शेजारीण वाचणार असते. त्यामुळे बऱ्याच चिठ्ठ्यांत एखादी वस्तू गाळलेली असते, आणि ज्यांना ते कळते त्या काही बोलत नाहीत. ‘काहून वहिनी, यात जायफळ नाही का?’ असे भर सभागृहात विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.

स्पर्धांमुळे खरी भर कुठे पडली असेल तर ती संत्र्यात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१७ च्या डिसेंबरात शहरात वर्ल्ड ऑरेंज फेस्टिव्हल झाला, आणि संत्र्याचे पदार्थ हा विषय पुन्हा पुन्हा येऊ लागला. मात्र हे फळ स्वयंपाकाला वश होत नाही. रस उकळला, किंवा नुसता ठेवला तरी, काही वेळाने कडवट होतो. याला कारण लिमोनिन नावाचे द्रव्य. बिया आणि फोडींवरच्या पापुद्र्यांत ते जास्त. प्रक्रिया उद्योगाला छळणारी हीच अडचण स्पर्धेतल्या बायकांना टेबलावर छळते, कारण घरून निघताना गोड असलेला पदार्थ परीक्षकांपाशी पोचेपर्यंत कडू होऊ शकतो. शिवाय आंबटपणाने दूध फाटते. त्यातून हळूहळू एक पद्धत बसली. फोडी सोलून, बिया काढून, नुसता गर घ्यायचा. दुधाऐवजी खवा वापरायचा. आणि गर शेवटी, भांडे खाली उतरवल्यावर घालायचा. सालीचा रंगीत भाग किसून घेताना खालचा पांढरा थर किसणीला लागू द्यायचा नाही. ही पद्धत आज कुणालाही विचारा, सांगतील. कुणाची म्हणून सांगणार नाहीत, कारण ती एकीची नाहीच.

भरडधान्यांचे वर्ष, २०२३, मात्र वाया गेले. संयुक्त राष्ट्रांनी ते जाहीर केले आणि प्रत्येक मंडळाने मिलेट स्पर्धा घेतली. ज्या घरांत ज्वारीची भाकर रोज होते, महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील लागतेच लागते, तिथून ज्वारीचा पिझ्झा, ज्वारीचे मोमो आणि ज्वारीचा ब्राउनी आला. आंबील कुणी आणली नाही. तिला आकार नाही आणि ती पांढरी आहे. मांडणीचे गुण गेले असते.

याच गोष्टी इतरत्र कशा सोडवल्या गेल्या ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने १९४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांची स्पर्धा घेतली. पहिले बक्षीस पन्नास हजार डॉलर. हेतू पीठ खपवण्याचाच होता, पण त्यांनी सभागृहात ओळीने शेगड्या मांडल्या आणि स्पर्धकांना तिथेच भाजायला लावले. त्याच स्पर्धेत १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या एका गृहिणीच्या चॉकलेट केकला दुसरा क्रमांक मिळाला आणि तो ज्या नक्षीदार, मध्ये पोकळ साच्यात केला होता तो साचा देशभर खपला. इंग्लंडमधल्या विमेन्स इन्स्टिट्यूटची तऱ्हा त्याच्या उलट. तिथे सगळ्या एकच केक करतात, व्हिक्टोरिया स्पंज. आत रास्पबेरीचा जॅम, वर साखर, बाकी काही नाही. जाळीचा वळ उमटला तरी गुण कापतात. नावीन्याला शून्य वाव, म्हणून हात कुणाचा चांगला ते नेमके कळते. मला विचाराल तर नागपूरने हेच करावे. तीस जणींनी तीस पुरणपोळ्या कराव्यात. पण आयोजकांना विचारले तर म्हणतात, ‘मग फोटोत काय दिसेल बाप्पा?’

टेक्ससमधल्या टर्लिंग्वा नावाच्या ओसाड खाणगावात १९६७ साली तिखटजाळ चिलीवरून दोन पत्रकारांत सामना रंगला. एका परीक्षकाने एकाला मत दिले, दुसऱ्याने दुसऱ्याला, आणि तिसऱ्याने घास घेऊन आपली जीभ कामातून गेल्याचे जाहीर केले. सामना बरोबरीत. साओजीच्या गावाला या प्रसंगाचे नवल वाटू नये. इथेही अनुभवी परीक्षक तर्रीचे ताट शेवटी घेतात.

नागपूरने स्वयंपाकाचा तमाशाही पाहिला आहे. इथल्याच विष्णू मनोहर यांनी एप्रिल २०१७ मध्ये सलग ५३ तास स्वयंपाक केला, लोकांनी रांगा लावून तो पाहिला. दोन वर्षांनी रीव्याच्या लता टंडन यांनी ८७ तासांच्या पुढे मजल मारली, आणि २०२३ मध्ये नायजेरियाच्या हिल्डा बासीने गिनीजच्या नोंदीप्रमाणे ९३ तास ११ मिनिटे. तो सहनशक्तीचा खेळ आहे; कॉलनीतल्या स्पर्धेशी त्याचे नाते इतकेच की मनोहरांसारखे कुणी परीक्षक म्हणून यायचे कबूल झाले, तर नोंदणी दुप्पट होते. ‘आम्ही सारे खवय्ये’सारख्या कार्यक्रमांनी मात्र एक बदल केला. स्पर्धक ताटामागे उभी राहून बोलू लागली. पूर्वी पदार्थ ठेवून मागे सरकायची रीत होती. आता पदार्थ कसा सुचला, सासूबाई काय म्हणाल्या, हे सांगितले जाते आणि परीक्षकांना तोंडात घास धरून ऐकावे लागते. पुरुषांसाठी घेतलेल्या स्पर्धांत तर हे बोलणेच पदार्थापेक्षा जास्त शिजते.

२०२० च्या टाळेबंदीत टेबल गेले. मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फोटो मागवून स्पर्धा झाल्या आणि पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेला गेलेल्या लेकीसुनाही पहिल्यांदा आईच्या कॉलनीच्या स्पर्धेत उतरल्या. चव हा रकाना उरला नाही. गंमत अशी की याच वेळी पाटवडी आणि गोळाभात मोठ्या संख्येने दिसले. निवण्याची भीती नव्हती. रस्सा गॅसवरून उतरवला, तर्री चकाकतेय, तेवढ्यात फोटो. परीक्षकांनी न खाताच निकाल दिले आणि त्यावर कुणाची तक्रार आली नाही, कारण कुणाचेच दुसऱ्याचे खाऊन झाले नव्हते.

सभागृहे उघडल्यावर सगळे पूर्ववत झाले, आणि एक जुना वाद जास्त टोकदार झाला. नियमावलीच्या तळाशी एक ओळ असते: व्यावसायिकांना प्रवेश नाही. पण टाळेबंदीत कितीतरी जणींनी डबे सुरू केले होते. दिवाळीत वीस किलो चकली करून देणारी व्यावसायिक की हौशी? वर्षातून एकदाच पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणारी? शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलूबोंडे पुरवणारी? नोंदणीच्या टेबलावर यावरून आवाज चढतात, आणि दोन्ही बाजूंना तथ्य असते. स्पर्धेतल्या बक्षिसामुळेच हिला ऑर्डरी मिळाल्या, आता त्याच ऑर्डरींमुळे हिला स्पर्धा बंद, हे तिला पटत नाही. रोज शंभर पोळ्या लाटणाऱ्या हाताशी आपली गाठ का घालता, असे बाकीच्या विचारतात. शासनाचा खाद्य परवाना असेल तर व्यावसायिक, असा तोडगा काही ठिकाणी निघाला. त्यावर परवाना न काढण्याचे आणखी एक कारण तयार झाले.

बहुतेक मंडळांनी शेवटी वापरलेला उपाय भांडण न वाढवणारा आहे. ती बाई फारच पुढे गेली की पुढच्या वर्षी तिला परीक्षक करतात. मानधन नसते, शाल, श्रीफळ आणि उरलेल्या पदार्थांचा डबा मिळतो. तीस ताटांपैकी कुठल्या चिठ्ठीतून काय गाळले आहे, हे तिला पहिल्या घासात कळते, आणि गृहविज्ञानाच्या बाई पौष्टिकतेचे गुण मांडत असताना ती ताटाच्या तळाला हात लावून पाहते, कोमट तरी आहे का म्हणून.