शेगडी गार, भांडं गरम!

शेगडीवर एक वर्तमानपत्र पसरायचं. वर्तमानपत्रावर पाण्याचं भांडं ठेवायचं. बटण दाबायचं. थोड्या वेळात पाणी खळाखळा उकळायला लागतं, आणि कागद? कागद आहे तसाच! ना जळला, ना काळा पडला.

ही जादू नाही बरं का. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचे लोक हाच प्रयोग ठिकठिकाणी करून दाखवत होते. त्यांना लोकांना एवढंच पटवायचं होतं, की स्वयंपाकाला विस्तव लागतोच असं नाही. तुम्ही मात्र हा प्रयोग घरी करू नका. भांड्यात पाणी आहे तोवर त्याचा तळ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून कागद वाचतो. पाणी आटलं, की तळ भराभर तापतो आणि मग कागदाचं काही खरं नाही.

तीच शेगडी आज आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. इंडक्शन! काळी गुळगुळीत काच, खाली चार-पाच बटणं, आणि चालू केली की आतून येणारा पंख्याचा घूंऽऽ आवाज. या शेगडीत तापणारी तार नाही, ज्योत नाही. मग दूध उतू जातं ते कशाने?

यासाठी आपल्याला लंडनला जावं लागेल, तेही १८३१ साली. मायकेल फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. लहानपणी पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायचा. पुढे तो मोठा शास्त्रज्ञ झाला. त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. दोन्ही वेटोळी एकमेकांपासून अगदी वेगळी. एकाला बॅटरी जोडली, दुसऱ्याला वीज ओळखणारी सुई. पहिल्या वेटोळ्यात वीज सोडली त्या क्षणी दुसरीकडची सुई हलली, आणि लगेच जागेवर आली! वीज चालूच राहिली, तर सुई ढिम्म. वीज बंद केली, की पुन्हा हलली.

म्हणजे काय, तर नुसतं चुंबकत्व असून भागत नाही. ते बदलावं लागतं. बदललं, की शेजारच्या धातूत, न शिवता, वीज उभी राहते.

आपल्या शेगडीच्या काचेखाली असंच तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं आहे. केसासारख्या बारीक कितीतरी तारा एकत्र पिळून ती तार केलेली असते. घरात येणारी वीज एका सेकंदात ५० आवर्तनं करते. शेगडीला तेवढ्याने काय होणार! तिच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट हा वेग वाढवून सेकंदाला २०,००० च्याही वर नेतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकत्व तितक्याच झपाट्याने उलटसुलट होतं आणि भांड्याच्या तळात विजेचे भोवरे फिरू लागतात. ताक घुसळताना रवी कशी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते आणि ताकही तिच्याबरोबर उलटसुलट गरगरतं, तसंच समजा. फक्त इथली रवी दिसत नाही. वीज फिरताना धातूचा तळ तिला अडवतो आणि त्या अडवण्यातून उष्णता तयार होते. म्हणजे उष्णता शेगडीत नाही, थेट भांड्याच्या तळातच जन्माला येते. कागदाला काहीच होत नाही, कारण कागदातून वीज वाहत नाही.

आणि २०,००० च का? कारण त्याच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. त्याहून कमी वेग ठेवला असता तर प्रत्येक स्वयंपाकघरात किर्रर्र शिट्टी वाजत राहिली असती. मांजराला मात्र २०,००० च्या बऱ्याच वरचं ऐकू येतं!

एक गंमत बघायची असेल तर आईला किंवा बाबांना सांगून पातळ तळाच्या पातेल्यात पाणी ठेवा आणि जरा लांबून निरखा. पहिले बुडबुडे सगळीकडे एकदम येत नाहीत. ते गोल कड्यासारखे येतात, आणि कड्याच्या मधोमध पाणी बराच वेळ शांत. काचेखालचं वेटोळं बांगडीसारखं आहे, मध्ये रिकामं. त्याचा आकारच बुडबुड्यांनी पाण्यात काढून दाखवलेला असतो. मला हे दृश्य फार आवडतं. चुंबकत्व डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, पण इथे त्याचं चित्रच उमटतं!

आता थोडं गणित. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३,१४,००० ज्यूल ऊर्जा लागते. तुमची शेगडी २००० वॅटची असेल, तर ती सेकंदाला २००० ज्यूल घेते. त्यातले साधारण १७०० पाण्यापर्यंत पोहोचतात असं धरू. करा भागाकार. १८५ सेकंद, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. वीज लागली एका युनिटचा दहावा भाग. दूध तापत ठेवून "आलोच" म्हणत खिडकीपाशी गेलं, की ओटा दुधाने का न्हाऊन निघतो, ते कळलं ना?

अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा आजीचा तांब्याचा हंडा या शेगडीवर ठेवून पाहा, ती टीं टीं करून नकार देते. पितळेचंही तेच. हे धातू विजेला इतकी सहज वाट देतात की अडवणूक होत नाही, आणि अडवणूक नाही तर उष्णता नाही. लोखंडात मात्र हे भोवरे तळाच्या अगदी पातळ थरात दाटीवाटीने कोंडले जातात, आणि तळ झटकन तापतो. म्हणून बिडाचा तवा इथे राजा! स्टीलचं मात्र सांगता येत नाही. काही स्टीलला चुंबक चिकटतो, काहीला अजिबात नाही, आणि वरून दोन्ही सारखीच चकचकीत. बाजारात "इंडक्शन बेस" म्हणून जे कुकर मिळतात, त्यांतले बरेच असतात अॅल्युमिनियमचेच. फक्त तळाला चुंबक चिकटणाऱ्या स्टीलची चकती बसवलेली असते.

या शेगडीवर चमचा, पक्कड, झाकण, फॉइल असलं काही ठेवू नका. लोखंडी वस्तू ओळखली गेली, तर शेगडीला ती पातेल्यासारखीच. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, अशा आजी-आजोबांनी चालू इंडक्शनपासून दोनेक फूट लांब राहावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं.

लेखाचं नाव "शेगडी गार" असलं, तरी फसू नका. स्वयंपाक चालू असताना भांड्याची उष्णता खालच्या काचेत उतरते. भांडं उचललं, दिवे विझले, काच काळीभोर शांत दिसते आणि ती चटका देते! गॅसची ज्योत विझलेली दिसते, तापलेली काच मात्र तशी दिसत नाही. चटका बसलाच, तर लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली भाजलेला भाग चांगली पंधरा-वीस मिनिटं धरायचा. टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फही नाही.

त्या काचेचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत डोनाल्ड स्टूकी नावाचा शास्त्रज्ञ एका काच कंपनीत काम करायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापायला ठेवला. भट्टी बिघडली आणि ९०० अंशांवर गेली. काच वितळून सगळा राडा झाला असणार असं त्याला वाटलं. दार उघडून पाहतो तो तुकडा जसाच्या तसा, फक्त दुधासारखा पांढरा. चिमट्यातून निसटून तो फरशीवर पडला, तरी फुटला नाही! काचेच्या आत अतिसूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. अशा स्फटिकी काचेचे काही प्रकार तापले तरी जवळजवळ पसरतच नाहीत. साधी काच एकीकडे तापून पसरते, दुसरीकडे गार राहते आणि तडकते. शेगडीवरची काच याच स्फटिकी जातीची, हिला ती भीती नाही.

पण उष्णता सोसणं वेगळं आणि दणका सोसणं वेगळं. भरलेला कुकर आपटून ठेवला तर ही काच तडकू शकते. केसाएवढी जरी चीर दिसली, तरी शेगडी त्याच क्षणी बंद, प्लग बाहेर. त्या चिरेतून पाणी आत गेलं, तर खाली विजेच्या तारा आहेत.

गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर मोठ्या माणसाला लगेच हाक मारा. पाक गार होताना काचेला घट्ट धरून आकसतो, काच आकसत नाही, आणि या ओढाताणीत काचेचा टवका निघू शकतो. एरवी पुसायला, शेगडी गार झाल्यावर, प्लग काढून, पिळून घेतलेलं ओलं फडकं पुरे. तारेची घासणी नको.

आता शेगडी उलटी करून (अर्थात प्लग काढून आणि ती गार असताना) खालची बाजू बघा. जाळी दिसेल, आत पंखा. हा पंखा अन्नासाठी नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना गार ठेवण्यासाठी आहे. खाली वर्तमानपत्र किंवा टेबलक्लॉथ घातला, की जाळी बुजते आणि शेगडी आतल्या आत शिजते. स्वयंपाक संपल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो. तो थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका. जाळीवर धूळ आणि तेलकट चिकटा बसतो, तो कोरड्या ब्रशने काढायचा. आणखी एक शत्रू म्हणजे झुरळ! त्याला उबदार अंधार आवडतो. ते आत शिरून सर्किटवर फिरलं, की शॉर्ट सर्किट होतं, त्याचंही काम तमाम आणि शेगडीचंही. म्हणून रात्री ओटा कोरडा आणि स्वच्छ हवा. शेगडी उघडून बघायचा मोह मात्र आवरा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते प्लगकडे. २००० वॅटला २३० व्होल्टने भागा. उत्तर साधारण ८.७ अँपिअर. दिव्याचा, मोबाइलचा छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. तारेतली उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ६ च्या जागी ८.७ गेले तर उष्णता दुपटीहून जास्त! सॉकेट मऊ पडतो, जळका वास येतो, पिनांभोवती तपकिरी डाग पडतो. इंडक्शनला १६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लगच हवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. प्लगची तिसरी, जाडजूड पिन बाकी दोघींपेक्षा लांब का असते, पाहिलंत? ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते. शेगडीत काही बिघाड झाला तर वीज तुमच्या अंगातून न जाता त्या पिनेतून जमिनीत जावी, यासाठी ती आहे. तिला वगळून दोन पिनांवर काम भागवणं म्हणजे राखणदाराला घराबाहेर काढणं.

उघड्या कॉइलची जुनी शेगडी अजूनही काही खोल्यांमधून दिसते. मातीच्या चकतीच्या खाचेत लालबुंद तार. ती तार निकेल आणि क्रोमियमची, लाल होऊनही न जळणारी. पण त्या उघड्या तारेत वीज खेळत असते. दूध उतू जाऊन तारेवर आलं किंवा पातेल्याचा तळ तारेला टेकला, तर वीज पातेल्यात आणि पातेल्यातून हातात. ही शेगडी घरात असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मावशीकडे ओव्हनवर चार कॉइल असलेली मोठी विजेची रेंज असेल, तर ती वेगळी. तिथे तार एका नळीत बंद असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. तरी तिथेही घरांना लागणाऱ्या आगींचं सगळ्यांत मोठं कारण स्वयंपाकच आहे, आणि त्यातही गॅसवर किंवा शेगडीवर काही ठेवून निघून जाणं.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर काय? पाणी कधीच नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सतराशेपट जागा लागते! ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. शेगडी बंद करायची, वर मोठं झाकण सरकवायचं आणि कढई हलवायची नाही. हे काम मोठ्यांचं. तुमचं काम जोरात हाक मारून लांब होण्याचं.

या रविवारी घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन दोन गोष्टी करा. एक, लोहचुंबक घेऊन सगळ्या भांड्यांच्या तळाला लावा आणि कोणतं चिकटलं, कोणतं नाही याची यादी करून आम्हाला पाठवा. दोन, इंडक्शन वापरून झाल्यावर, पंखा थांबला की बटण बंद करून त्यांना प्लग हाताने तपासायला सांगा. तो कोमटाहून जास्त गरम लागला किंवा डागाळलेला दिसला, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा.