लादी कुठून मोडते?

बंगळुरूच्या फूटपाथवर तुम्ही चालता, तेव्हा पुष्कळदा पायाखाली गटारावर टाकलेली ग्रॅनाइटची लादी असते. ती तुमचं वजन पेलेल हे कशावरून?

हा प्रश्न गणितात मांडला गॅलिलिओनं, १६३८च्या ग्रंथात. भिंतीत एक टोक रोवलेली तुळई घ्या आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगा. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, पण जाडी दुप्पट केली तर चौपट! हे त्यानं बरोबर ओळखलं. म्हणजे लादी निम्मी पातळ केली, तर ताकद पावच उरते.

एक गोष्ट मात्र चुकली. मोडताना सगळी तुळई सारखीच ताणली जाते, असं त्यानं धरलं. फ्रान्समध्ये मारिओतनं लाकडाच्या आणि काचेच्या कांड्या मोडून पाहिल्या. त्या गॅलिलिओच्या हिशेबापेक्षा बऱ्याच आधी मोडल्या. कारण एक बाजू ताणली जाते, तर दुसरी दाबली जाते. १७७३मध्ये कुलोमनं हा हिशेब नीट मांडला.

दगड आणि काँक्रीट दाब छान सोसतात, ताण नाही. दोन्हीकडे टेकलेल्या लादीचा ताण खालून येतो, म्हणून तडा खालून, न दिसता सुरू होतो. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खाली असतात त्या याचसाठी.

पण बाल्कनी म्हणजे गॅलिलिओची तुळई. तिथे ताण वरून येतो, म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात. कामगारांच्या पायाखाली त्या दबून खाली गेल्या, तर बाल्कनी धोक्यात येते. घर बांधत असाल, तर काँक्रीट ओतण्याआधी एवढं नक्की बघा.