पकड पक्की, तर पाठ भक्कम 💪

कोहमाऱ्यातल्या गड्यांनो, डेडलिफ्ट करताना पाठीत दम शिल्लक असतो, पण बार हातातून निसटतो ना? बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. म्हणून पकड वाढवायची तर फोरआर्म कमवा.

आठवड्यातून दोनदा, पाठीच्या व्यायामानंतर:

✅ डेड हँग: बारला लटका, 20 ते 30 सेकंद, 3 वेळा.
✅ फार्मर्स वॉक: दोन्ही हातांत जड डंबेल, पाठ ताठ, 30 पावलं. डंबेल नसतील तर पाण्याने भरलेल्या कॅन.
✅ टॉवेल पुल-अप: बारवर टॉवेल टाकून त्याची टोकं धरा. दोरीच्या मल्लखांबातही पकड अशीच तयार होते. अमरावतीचं 1914 सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मल्लखांबासाठीही नावाजलेलं आहे.
✅ रिव्हर्स कर्ल: तळवे खाली, वजन हलकं.

स्ट्रॅप फक्त शेवटच्या जड सेटला. रोवणी-कापणीच्या दिवसांत हात आधीच थकलेले असतात, तेव्हा सेट कमी करा. कोपर दुखलं तर थांबा. वजन हळूहळूच वाढवा. कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश मजबूत होतात.

तुमचा डेड हँग किती सेकंदांचा? नक्की सांगा!