तीस टक्के बदललं की चित्र आपलं?

सुरतेत कोसाडला आमचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. माणसांच्या फोटोवरून चित्र काढायचं, त्यावर नाव-तारीख घालायची, छापून, फ्रेम करून पाठवायचं. लग्नातलं जोडपं, बारशाचं बाळ, आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळं घर एका चित्रात आणि खाली अहिराणीतली एखादी ओळ. ऑर्डरी बऱ्याचशा उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांतून येतात. काही पार्सलं नंदुरबार-जळगावला, त्यांच्या गावाकडच्या माणसांना जातात.

मागच्या महिन्यात एका ताईंनी मुलाच्या वाढदिवसासाठी छोटा भीमचं चित्र पाठवलं. भीमाच्या धडावर मुलाचा चेहरा बसवायचा आणि खाली नाव लिहायचं. मी नाही म्हटलं. अर्ध्या तासात त्यांच्या यजमानांचा फोन आला. ते साडीच्या कारखान्यात डिझाईनचं काम करतात. म्हणाले, "भाऊ, धोतराचा रंग बदला, मागचं झाड काढून टाका. तीस टक्के बदललं की कॉपीराइट राहत नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकताच माझा आवाज चढतो. कुणी तीस म्हणतं, कुणी वीस, कुणी चाळीस. कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं विचारलं की समोरून उत्तर येत नाही, कारण हा आकडा कुठल्याच कायद्यात नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचा, किती टक्के बदललं की चित्र आपलं होतं, असा आकडा सापडणार नाही. उलट चौदावं कलम सांगतं की चित्राची कोणत्याही स्वरूपात प्रत काढणं आणि चित्राचं रूपांतर करणं, हे दोन्ही हक्क मालकाचे आहेत. म्हणजे ज्या बदलाला लोक पळवाट समजतात, त्या बदलासाठीच परवानगी लागते. आणि मोजणार कसं? धोतराचा रंग बदलला तर किती टक्के झाले? झाड काढलं तर किती?

न्यायालय काय पाहतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगून ठेवलंय. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा उचलला, अशी नाटककाराची तक्रार होती. तिथे ठरलेली कसोटी अशी : दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर दुसरी पहिलीची नक्कल असल्याचा निःसंशय ठसा उमटतो का? कल्पना किंवा विषय यावर कुणाची मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते, हेही त्याच निवाड्यात आहे. त्या खटल्यात नाटककार हरला, कारण विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी होती. आता हीच कसोटी त्या ताईंच्या चित्राला लावा. कोणाही पाच वर्षांच्या मुलाला ते दाखवा. तो "छोटा भीम!" असंच ओरडणार. महाभारतातला भीम सगळ्यांचा आहे, तो तुम्ही हवा तसा काढा. लाडू खाऊन बळ येणारा ढोलकपूरचा भीम मात्र हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा आहे, मग त्याचं धोतर हिरवं करा की निळं.

सुरतेत हा समज कापडधंद्यातल्या माणसांकडून जास्त ऐकू येतो, आणि तिथे निदान गोंधळ होण्याचं कारण तरी समजतं. यंत्रावर पुन्हा पुन्हा निघणाऱ्या कापडी डिझाईनला २००० चा डिझाईन कायदा लागतो. नोंदणी केली तर दहा वर्षांचं संरक्षण मिळतं, ते आणखी पाच वर्षं वाढवता येतं. नोंदणी होऊ शकत असूनही केली नाही आणि पन्नासपेक्षा जास्त नग निघाले, तर त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे बाजारात बिननोंदणीची डिझाईन सर्रास फिरते आणि कुणाला काही होत नाही. पण भिंतीवर लावायचं चित्र साडीच्या हिशेबात बसत नाही. ती कलाकृती आहे. तिचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो.

छापून विकणारे म्हणतात, "एकच तर प्रत काढायचीय." एकच असली तरी ती तुम्ही विकताय. "चित्र ग्राहकाने पाठवलं, जबाबदारी त्याची." छापून पैसे तुम्ही घेतलेत, जबाबदारीतून तुम्ही सुटत नाही. कॉपीराइट कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण आपण तर धंदाच करतोय. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात स्पष्ट केलंय. घरच्या टेबलावर एक प्रिंटर ठेवून धंदा करणाऱ्या मुलामुलींनी हे एकदा शांतपणे वाचावं.

लोक देवांच्या चित्रांचंही विचारतात. गणपती कुणाच्या मालकीचा नाही, पण गणपतीचं प्रत्येक चित्र कुणा एकाने काढलेलं असतं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ अखेरपर्यंत. आजोबांच्या घरातलं जुनं कॅलेंडर स्कॅन करून त्यावर कुटुंबाचं नाव टाकून मागणारे खूप असतात. कॅलेंडर जुनं आहे म्हणून त्यावरचं चित्र मोकळं होत नाही.

शैलीचं वेगळं आहे. मार्च २०२५ मध्ये जिबली स्टुडिओच्या ॲनिमेशनसारख्या चित्रांची लाट आली आणि आठवडाभर आमच्याकडे दुसरं काही मागणंच नव्हतं. शैलीवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे मऊ रंगांत तुमच्या घराचं चित्र काढायला कायद्याची आडकाठी नाही. त्यात जिबलीच्याच सिनेमातला तोतोरो आणून बसवलात की आडकाठी आली, मग तो हाताने काढलेला असो की एआयने. वारलीचंही असंच. त्रिकोणांची माणसं आणि गोल तारपा-नाच या शैलीवर कॉपीराइट नाही, पण वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले, त्यांचं एखादं चित्र उचललंत तर तो हक्क २०७८ अखेरपर्यंत जिवंत आहे. शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा कोसाडच्या प्रिंटरमधून निघालेल्या प्रतीला "अस्सल वारली" म्हणून विकणं मला तरी चुकीचं वाटतं. वारली चित्रकारांचं डहाणू इथल्याच रेल्वेमार्गावर आहे. अस्सल हवं असेल तर तिथल्या चित्रकारांकडून घ्या.

आता चित्रकारांच्या गैरसमजाबद्दल, कारण चूक नेहमी ग्राहकाचीच असते असं नाही. "मी काढलं, म्हणजे कॉपीराइट माझा." आपल्या धंद्यात तो बहुतेक वेळा तुमचा नसतो. सतराव्या कलमानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला किंवा चित्र, व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. लग्नाच्या फोटोवरून चित्र काढायला अडचण येत नाही ती याचमुळे, कारण करार वेगळा नसेल तर त्या फोटोचा हक्क सहसा घरच्यांचा असतो. पण याच नियमाने, त्या जोडप्याचं चित्र नमुना म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायला तुम्हाला त्यांची संमती हवी. चित्रकार म्हणून तुमचं नाव सांगण्याचा हक्क सत्तावन्नाव्या कलमाने तुमच्याकडेच राहतो. आम्ही ऑर्डर घेतानाच संमतीची एक ओळ लिहून घेतो. तुम्हीही घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही. चित्र काढलं की हक्क आला. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो साधारण सोळाशे पिक्सेलचा होऊन येतो आणि ए-फोर कागदाच्या लांब बाजूला तीनशे डीपीआयने ३,५०८ पिक्सेल लागतात. फोटोशॉपमध्ये आकडा तीनशे केल्याने हरवलेले डोळे परत येत नाहीत, म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवा. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि कागद शाईने, त्यामुळे मोबाइलवरचा झगझगीत पोपटी कागदावर तसा कधीच उतरणार नाही. "नाव घातलेला माल परत घेत नाही" असं लिहून सुटका होत नाही. माल सदोष असेल, ठरल्यापेक्षा वेगळा असेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परत घ्यावाच लागतो. आणि "चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही" हे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी खरं. ऑक्टोबर २०२३ पासून असा बिननोंदणीचा विक्रेता ऑनलाइन मंचावरही विकू शकतो, पण तेही स्वतःच्याच राज्यात. नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. पार्सल ती राज्यांमधली रेघ ओलांडून गेलं की नोंदणी हवी, विक्री कितीही लहान असो. हाताने केलेल्या ठरावीक हस्तकलांना सवलत आहे, पण प्रिंटरमधून निघालेली प्रत हाताची म्हणता येणार नाही.

त्या ताईंना मी शेवटी मुलाचा स्वतःचा फोटो मागितला. शाळेच्या गणवेशात, एका हातात पतंग, समोरचे दोन दात पडलेले. आम्ही तोच काढला, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी धाकट्या मुलीचीही ऑर्डर दिली. तुम्हीही वाढदिवसाची ऑर्डर देताना भीम पाठवू नका. तुमच्या पोराचा फोटो पाठवा, डॉक्युमेंट करून.