गडद भिंती आणि घरातील म्हातारी माणसे

दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचा बेत ठरतो आणि हल्ली मुलांच्या हौसेने गर्द निळा, चॉकलेटी, अगदी काळपट रंगही निवडला जातो. ‘डॉक्टर, याने डोळे बिघडतात का?’ असे मला विचारतात. डोळे बिघडत नाहीत. प्रश्न उजेडाचा आहे.

पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश खोलीत परत टाकते. गर्द भिंत जेमतेम १० टक्के. विशीतल्या डोळ्यांना याचे फारसे काही वाटत नाही. साठीत मात्र बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते आणि दृष्टिपटलापर्यंत तरुणपणीच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यात मोतीबिंदू असला तर विचारूच नका. रात्री लघवीला उठलेल्या आजींना उंबरठा दिसत नाही, पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. या वयात त्या दुखण्यातून पुन्हा पूर्वीसारखे चालणे पुष्कळांना जमत नाही.

म्हणून माजघर, जिना आणि न्हाणीघराची वाट येथे गडद रंग नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसच असेल तर बैठकीतील एखादी भिंत रंगवावी. खिडकीसमोरची मात्र पांढरीच ठेवावी. आत आलेला उजेड तीच खोलीभर पसरवते. (गडद भिंतीवर पांढरे बटण चटकन सापडते, हेही खरे!)

जुना रंग खरवडायचा असेल तर आणखी एक. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने मर्यादा आली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. तेव्हा भिंत कोरडी न घासता ओली करून घासावी आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवावे.