रात्रीचं पाणी, भाग ४ : बॅटरी कुठली घ्यावी?

मागच्या आठवड्यात उसातला बिबट्या पाहिला. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावात ऊस आणला आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या उसात माद्या पिल्लं घालू लागल्या. थ्री फेज रात्री आली की त्याच उसाच्या कडेनं दारं धरायला जावं लागतं. तेव्हा आज हातातल्या उजेडाविषयी.

नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारात दुकानदार पहिल्यांदा खोक्यावरचा लुमेनचा आकडा दाखवतो. बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो, एवढंच लुमेन सांगतं. तो उजेड एका ठिकाणी किती एकवटतो हे सांगणारं माप वेगळं, त्याला कँडेला म्हणतात. 'पाचशे मीटर' या दाव्याचा अर्थ तर आणखी गमतीचा आहे. प्रचलित मानकाप्रमाणे झोत जिथं पाव लक्सवर येतो, तिथपर्यंतचं अंतर मोजतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्या उजेडात पाचशे मीटरवरचं जनावर ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. 'चार तास चालते' हेही तसंच. त्याच मानकात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरला जातो. त्यामुळे चौथ्या तासाला हातात काय उरतं ते समजून घ्यावं.

बांधावर मुळात पाचशे मीटर लागतात कुठं? दोन्ही बाजूंना उसाची भिंत असते. अरुंद, प्रखर झोत पहिल्याच पात्यावर आपटून आपलेच डोळे दिपवतो, आणि दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधार नीट दिसायला वीस-तीस मिनिटं लागतात. इथं पसरट उजेड हवा, वीस-तीस मीटरपर्यंतचा आणि रात्रभर टिकणारा.

आता खरी गोष्ट. बिबट्याच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. तो उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो. म्हणून डोळे चमकताना दिसायचे तर उजेडाचा उगम आपल्या डोळ्यांजवळ हवा. बॅटरी कमरेशी धरली तर ती चमक मुख्यतः कमरेकडे परत जाते, आपल्याला फिकी दिसते. डोक्याला बांधायची बॅटरी इथं वरचढ ठरते, शिवाय फावड्यासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. कुत्रं, मांजर, शेळी यांचेही डोळे चमकतात. चमक दिसली म्हणजे बिबट्याच, असं नव्हे, पण पाऊल तिथंच थांबवायला ती पुरेशी आहे.

थंडीत धुकं उतरलं की हाच हिशेब उलटतो. कपाळावरचा उजेड धुक्यावरून थेट डोळ्यांत येतो, तेव्हा खाली धरलेली हातातली बॅटरीच बरी. म्हणून एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्याव्यात, डोक्याची आणि हातातली. सेल दोन्हींत एकाच मापाचे असावेत, म्हणजे अदलाबदल करता येते. पाण्यापासून बचावाचं मानांकनही पाहावं. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाटात पडणारी वस्तू आहे, सातच घ्या.

पिस्तुलाखाली बसवायच्या चिमुकल्या लाइटविषयीही विचारणा होते. परदेशात ते सर्रास विकले जातात. तिथंही शोधायला वेगळी बॅटरी ठेवा असंच शिकवतात, कारण बंदुकीवरचा लाइट जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, मग समोर शेजारचा गडी असो की पोर. आपल्याकडे बिबट्या १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शस्त्राला परवाना लागतो. बांधावर या वस्तूचं काम नाही.

उजेडानं बिबट्या पळतो, अशी खात्री मात्र धरू नये. बॅटरीचं काम तो आहे का, हे वेळेत कळवण्याचं. चमक दिसली तर वाकू नका, पाठ करून पळू नका. सरळ उभं राहून, मोठ्यानं बोलत मागं सरका आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. पिल्लं दिसली तर हात लावू नका, आई जवळच असते.

दिवसा वीज मिळाली तर या लेखाची निम्मी गरज संपेल. त्यासाठी २०१७मध्ये सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेकडे पुढच्या आठवड्यात वळू.