उभी गाडी का बिघडते?

युरोपात हौसेची स्पोर्ट्स कार हिवाळ्यात झाकून ठेवतात, कारण बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. पेण-रोह्याकडे तो हंगाम पावसाळ्याचा.

पण न चालवलेली गाडी दसऱ्याला सुरू का होत नाही? चावी काढली तरी घड्याळ, अलार्म थोडी थोडी वीज घेतच राहतात. बॅटरी आपोआपही उतरते. ऋण टोकाची वायर सोडावी, मधूनमधून चार्जिंग करावं.

पेट्रोलचं दुखणं खोल आहे. हल्ली त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आषाढात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच इथेनॉलही हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाकडे जाणारं इंधन तिथूनच उचललं जातं! टाकी भरलेली असेल तर आत दमट हवेला जागाच कमी उरते.

प्लॅस्टिकचा कागद मात्र मुळीच नको. जमिनीची वाफ त्याखाली कोंडते आणि रात्री गार पत्र्यावर थेंब धरते. हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या. हँडब्रेकही ओढू नका, ब्रेक गंजून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.